भिंतीला एक पावसाळा बघू द्या

पत्र थोडक्यात: पुण्याच्या पश्चिमेला पुनावळ्यात नव्या इमारतीत अकराव्या मजल्यावर टू बीएचके, कार्पेट 640 चौरस फूट. ताबा मिळालाय. घरात नवरा-बायको, चार वर्षांची मुलगी आणि सासूबाई. अक्षय तृतीयेला वास्तुशांत करून राहायला जायचा बेत आहे. भिंतींसाठी सव्वा लाख बाजूला काढले होते, पण इंटिरियरवाल्याचं एस्टिमेट आलं 2 लाख 48 हजारांचं. त्यात सगळीकडे पुट्टी-प्रायमर-इमल्शन, टीव्हीमागे लूव्हर (खाचा असलेल्या उभ्या पट्ट्या) आणि मार्बल शीट, पलंगामागे पॅनेल, पॅसेजला टेक्स्चर, डायनिंगजवळ दगडाचं क्लॅडिंग (भिंतीवर चिकटवलेला दगड), मुलीच्या खोलीत वॉलपेपर आणि दाराशी आरशाचं पॅनेलिंग. नवरा म्हणतो, वरच्या रकमेसाठी पर्सनल लोन काढू, घर काय रोज होतं? सासूबाई म्हणतात, पांढरा रंग मारा आणि राहायला चला. पत्रलेखिकेला स्वतःला चुन्याच्या गिलाव्याच्या मऊ, ढगाळ भिंती आवडल्यात, पण त्या यादीत नाहीतच. वास्तुशांतीला बाणेरहून नणंदेच्या सासरची मंडळी येणार आहेत. "सगळं आत्ताच करून टाकावं, की मी उगाच कंजूषपणा करतेय?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, तुम्ही कंजूष नाही. एस्टिमेटचा फोटो पाहिल्यावर तर वाटलं, अजून थोडं चिकट व्हायला हरकत नाही.

फोटो जोडलात ते फार बरं केलंत. रंगकामाची ओळ आहे 2,200 चौरस फुटांची, 28 रुपये दराने 61,600. बाकीच्या सहा ओळी मिळून 1,86,950. आणि त्या सहा ओळींखाली झाकली जाणारी भिंत मोजली तर जेमतेम साडेपाचशे फूट भरते. म्हणजे चतकोर भिंतीवर पाऊण पैसा. बरं, ज्या ओळीवर बाकी सगळं घर उभं आहे, त्या रंगकामाच्या ओळीत बिल्डरचा रंग खरवडण्याचा उल्लेखच नाही. त्याकडे येतेच.

तुमच्या पत्रात एक गोष्ट तिघांनीही गृहीत धरलीय, सासूबाईंनीसुद्धा. ती म्हणजे भिंतींचा निकाल वास्तुशांतीच्या आधी लागला पाहिजे. का बरं? नवरोबा म्हणतात "एकदाच करून टाकू". पण नव्या इमारतीची भिंत पहिल्या वर्षी एका जागी स्वस्थ बसत नाही. काँक्रीटचे कॉलम-बीम आणि मधली ब्लॉकची भिंत ही दोन वेगळ्या स्वभावाची माणसं. ऊन-थंडीत ती सारखी फुगत-आकसत नाहीत. ओलं बांधकाम वाळतानाही आकसतं. मग जिथे दोघांचा सांधा, तिथे केसासारखी चीर पडते. बीमच्या खाली आडवी, कॉलमच्या कडेला उभी. बहुतेकदा त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, पण ती कुठे पडणार हे आज कोणीच सांगू शकत नाही. त्यावर पाऊस. आपल्याकडे पश्चिमेला सरकावं तसा पाऊस वाढतो, पूर्वेच्या हडपसरपेक्षा पुनावळे-ताथवड्याला तो जास्तच झोडपतो. अकराव्या मजल्यावर अडोसा नाही. नैऋत्येचा वारा पाणी घेऊन सरळ पश्चिमेच्या भिंतीवर आणि खिडक्यांच्या चौकटींवर आपटणार. कुठे ओल येते ते जुलै-ऑगस्टमध्येच कळेल. तुमची अक्षय तृतीया त्याच्या दोन-तीन महिने आधी.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. धायरीत आमचं घर झालं तेव्हा बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला मी हौसेने वॉलपेपर लावला होता, बारीक निळ्या वेलीचा. मे महिन्यात सगळ्यांनी कौतुक केलं. सप्टेंबरात खोलीला कोंदट वास यायला लागला. आधी मला वाटलं, कपाटात ओला टॉवेल राहिलाय. कपाट रिकामं केलं, तरी वास होताच. मग खिडकीच्या खाली वॉलपेपरचा कोपरा किंचित उचललेला दिसला. तो नखाने धरून ओढला, तर आतून कागदाची पाठ तीळ पेरल्यासारखी काळी. बुरशी. भिंतीला हात लावला तर हाताला गार ओल. दुकानदार म्हणाला भिंतीचा दोष, बिल्डर म्हणाला वॉलपेपरचा. साधा रंग असता, तर पहिल्या आठवड्यात डाग दिसला असता आणि भांडायला पुरावा राहिला असता.

पुराव्याचं म्हणते ते कायद्यामुळे. रेरा, म्हणजे बिल्डर आणि घर घेणाऱ्यांच्या व्यवहारांचा कायदा, त्याच्या कलम 14(3) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामातला दोष किंवा कामाच्या दर्जातली खोट बिल्डरच्या नजरेला आणून दिली, तर ती त्याने 30 दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करून द्यायची असते. ओल आणि गिलाव्याचे पोपडे बऱ्याचदा त्यात बसतात. पण तुम्ही भिंतीत पन्नास स्क्रू मारून पॅनेल ठोकलं की पहिलं उत्तर काय येईल, ते मी सांगायला नको. म्हणून पहिल्या पावसाळ्यात भिंत उघडी ठेवा. उघडी म्हणजे रंगवलेली, पण न झाकलेली. काही दिसलं तर तारखेसह फोटो काढा आणि बिल्डरला ईमेल करा. साइटवरच्या साहेबांना फोनवर सांगितलेलं पुढे कोणाच्या लक्षात राहत नाही.

आता रंग लावायचा तो कशावर, ते आधी बघू. एस्टिमेटमध्ये नाही आणि तुमच्या पत्रातही नाही. येत्या रविवारी घरी जाल तेव्हा एक खिळा, एक काळं फडकं आणि एक बॅटरी घेऊन जा. कपाट येणार आहे त्या कोपऱ्यात खिळ्याने किंचित खरवडा. पांढरी मऊ भुकटी निघाली तर आतून जिप्सम आहे, करडी रेती निघाली तर सिमेंटचा गिलावा. खिळा आत जायलाच तयार नसेल, तर बहुतेक मिव्हानचं बांधकाम, म्हणजे भिंतसुद्धा काँक्रीटचीच. मग पॅनेल ठोकायचं तर हॅमर ड्रिल लागेल आणि कापाकापी अजिबात चालणार नाही. नंतर फडकं ओलं करून भिंतीवर चार वेळा घासा. फडक्यावर पांढरी पावडर उतरली तर बिल्डरने डिस्टेंपर मारलाय, आणि बहुतेक तोच असतो. डिस्टेंपर म्हणजे बराचसा खडू आणि थोडा चिकटा. त्याच्यावर कितीही भारी इमल्शन मारलं तरी ते भिंतीला धरत नाही, खडूला धरतं. वर्ष-दीड वर्षात पापुद्रे सुटतात आणि बोलणी रंगाच्या कंपनीला बसतात. म्हणून इंटिरियरवाल्याला विचारा: खरवडणं, घासणं या 28 रुपयांत आहे का? नसेल तर ते लेखी घालून घ्या, दोन-चार रुपये वाढले तरी.

बॅटरी कशासाठी? संध्याकाळी दिवे बंद करून ती भिंतीला टेकवा, उजेड भिंतीला समांतर पडू दे. दिवसा सपाट वाटणारी भिंत चंद्रासारखी दिसते, खड्डे आणि टेंगळं. हे बघून घाबरू नका, सगळ्यांच्या भिंती अशाच असतात. पण त्यावरून एक ठरतं. चकचकीत फिनिश घेऊ नका. चमक जितकी जास्त, तितके दोष उठून दिसतात. मॅट किंवा फार तर हलकी चमक. आणि फॉल्स सीलिंगमधून भिंतीवर उजेड सोडणाऱ्या एलईडी पट्ट्यांचा विचार असेल, तर तो सोडा. नाहीतर पुट्टीवर दुप्पट खर्च करायची तयारी ठेवा.

आतून जिप्सम निघालं असं धरून पुढचं सांगते. त्यावर काम असं चालतं: खरवडणं, चिरा थोड्या उघडून त्यात लांबी (भेगा बुजवायचा लगदा) भरून जाळीची पट्टी बसवणं, प्रायमर, गरज असेल तिथेच पातळ पुट्टी, पॉलिश पेपरने घासणं, परत प्रायमर, मग इमल्शनचे दोन हात. जिप्सम मुळात गुळगुळीत असतं. सगळ्या घराला पुट्टीचे दोन-दोन हात लावायची गरज बहुधा पडत नाही, हा तुमच्या बचतीचा पहिला मुद्दा. बचत करू नये अशी जागा म्हणजे घासणं आणि वाळू देणं. एप्रिलमधली पुण्याची कोरडी हवा यासाठी उत्तम, पण "ताई, दोन दिवसांत उरकतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करा.

मोजमापाचं एक सांगते, कारण ते सगळ्यांनाच उपयोगी पडेल. 10 बाय 12 ची खोली, उंची साडेनऊ फूट. चारही भिंतींची लांबी 44, गुणिले साडेनऊ, झाले 418. छताचे 120 मिळवा, 538. दाराचे 21 आणि खिडकीचे 20 वजा करा, राहिले 497. अशी प्रत्येक खोली स्वतः मोजा आणि 2,200 शी ताडून पाहा. दारं-खिडक्या वजा करायच्या की नाही यावर रंगाऱ्याशी वाद होतोच. काम सुरू व्हायच्या आधी झाला तर तो गोडीत मिटतो.

आता त्या सहा ओळी. दगडाच्या क्लॅडिंगला माझा ठाम नकार. आवडीचा प्रश्न नाही. जिप्समला वजन पेलत नाही. दगड चिकटतो जिप्समला आणि जिप्सम चिकटलेलं असतं ब्लॉकला, त्यातली कमकुवत कडी मधली. नीट करायचं तर जिप्सम काढून थेट ब्लॉकवर यावं लागतं, आणि डायनिंगजवळ खुर्चीवर चार वर्षांची मुलगी बसणार आहे. टेक्स्चर: दिसायला बरं, पण पॅसेजमध्ये हात घासत जाणारं मूल असेल तर खाचांमध्ये मळ बसतो, आणि पुढच्या वेळी रंग बदलताना ते सपाट करायला वेगळी मजुरी. आरशाच्या पॅनेलिंगचे 38,000 आहेत! दाराशी एक साधा उंच आरसा फ्रेम करून लावा, बाहेर पडताना केस सारखे करता आले म्हणजे झालं. पलंगामागच्या पॅनेलचं कारण मात्र खरं आहे. तिथे डोकं टेकून बसलं की तेलाचा डाग पडतोच. त्याला पलंगाची पाठच जरा उंच करून घ्या, ती पुसताही येते आणि घर बदललं तर बरोबर येते.

राहिला टीव्ही. नवरोबांचं मन मोडायचं नाही, हे मला कळतं. लूव्हर सुंदर दिसतात. पण त्यांच्या प्रत्येक खाचेत धूळ बसते, आणि बाजूला बांधकामं चालू असलेल्या पुनावळ्यात ती किती बसेल ते तुम्हीच पाहा. दिवाळीच्या साफसफाईला फडकं बोटाला गुंडाळून एकेक खाच वरून खाली पुसणारं माणूस घरात कोण, हे ठरलं की लूव्हरचंही ठरेल. मी विचारलं असतं. तरी हवेच असतील, तर दिवाळीनंतर, पावसाळा काढलेल्या भिंतीवर, टीव्हीच्या रुंदीपुरते. टिंबर मार्केटमध्ये एकदा स्वतः चक्कर मारा. पट्टी हातात घेऊन वजन बघा, कडेने बघा, आतून एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) आहे की पीव्हीसी (प्लॅस्टिक) ते विचारा. एमडीएफ ओलीत फुगतं. पीव्हीसी देवघराच्या निरांजनाजवळ किंवा गॅसजवळ नको. तोवर त्या भिंतीला मास्किंग टेपने पॅनेलचा आकार आखून ठेवा. महिनाभर चौकट बघून बऱ्याच जणांची हौस आपोआप आटोपते. कोणाची वाढते, तेही खरं.

तुमच्या चुन्याच्या भिंतींबद्दल यादीत कोणी विचारलंच नाही, याचं मला वाईट वाटलं. यादी तुमच्या घराची, आणि तुम्हाला जे आवडलं तेच नेमकं बाहेर. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो, आणि धरून बसायला त्याला पाणी पिणारी सच्छिद्र भिंत लागते. पेठांमधल्या वाड्यांच्या विटा-चुन्याच्या भिंती तशा होत्या. डिस्टेंपर-प्रायमर लावलेल्या जिप्समवर खरा चुना लावणं म्हणजे वेगळ्या अर्थाने चुना लावून घेणं. पण तो ढगाळपणा मॅट इमल्शननेही येतो. एकाच रंगाच्या दोन जवळच्या छटा घ्यायच्या, एक हात साधा रोलरने, आणि दुसरा पातळ करून रुंद ब्रशने तिरके-उलटे फटकारे मारत. रंगाऱ्याला आधी प्लायच्या तुकड्यावर करून दाखवायला सांगा. एका भिंतीला मजुरी थोडी जास्त द्यावी लागेल, तीही दगडाच्या मानाने किरकोळ.

वाड्याचा विषय निघालाच आहे तर, त्या भिंतींना सजावट कमी आणि कामं फार होती. कोनाड्यात दिवा, खुंटीला टोपी, फडताळात लोणच्याची बरणी. तुमच्या एस्टिमेटमधली एकही भिंत काही धरून ठेवत नाही. दाराशी किल्ल्या-छत्र्यांच्या खुंट्या, पॅसेजमध्ये मुलीच्या पुस्तकांची एक फूटभर खोल फळी, एवढ्याने ती जागा भरलेली दिसेल.

मुलीच्या खोलीत वॉलपेपरऐवजी जमिनीपासून चार फुटांपर्यंत धुता येणारं चांगलं इमल्शन लावा, जरा गडद रंगात. खडूने काढलेला हत्ती ओल्या फडक्याने निघेल. दारांना, ग्रिलला ऑइलपेंट लावणार असाल तर डब्यावर शिशाबद्दल काय लिहिलंय ते वाचा. नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगांमध्ये शिशाची मर्यादा 90 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 90 भाग, आहे. बिनलेबलचा, सुटा रंग मूल असलेल्या घरात नको.

लोनबद्दल. 1 लाख 25 हजार, तीन वर्षं, व्याज 12 टक्के धरलं तर हप्ता सुमारे 4,150 रुपये आणि नुसतं व्याज साडेचोवीस हजारांच्या घरात. होमलोनचा हप्ता चालू असताना हा दुसरा. नवरोबांना हा आकडा कागदावर लिहून दाखवा, वाद घालू नका. "घर काय रोज होतं" हे त्यांचं म्हणणं खरंच आहे, पण भिंत रोज होते. पाच-सात वर्षांनी ती परत रंगवायचीच असते.

सव्वा लाखाचं मी असं करेन. खरवडण्यासकट चांगलं रंगकाम सत्तर हजारांच्या आसपास बसवेन. ओट्यावरच्या टाइल्स बिल्डरने दोनच फूट लावल्या असतील तर त्या वरच्या कपाटापर्यंत नेईन, कारण फोडणी दोन फुटांवर थांबत नाही. एक ढगाळ भिंत, खुंट्या, फळी, आरसा. आणि निदान तीस हजार दसऱ्यापर्यंत हात न लावता ठेवीन. त्यातून आधी चिरा आणि डाग बुजवायचे, उरले तर नवरोबांचे लूव्हर.

रंगाऱ्याशी बोलताना दोन-तीन गोष्टी. मटेरियलसह दर ठरला असेल, तर सीलबंद डबे तुमच्यासमोर उघडायला सांगा. डब्यात कंपनीचं बक्षिसाचं टोकन निघालं तर ते रंगाऱ्याचं, त्यावरून तोंड वाजवू नका. शेवटचा हात फर्निचरचं काम संपल्यावरच, नाहीतर सुतार सगळ्या भिंतींवर बोटं उमटवून जाईल. पैसे टप्प्याने द्या आणि टचिंग होईपर्यंत दहा टक्के मागे ठेवा. शेड कार्डावर रंग ठरवू नका. एक लिटर आणून दोन भिंतींवर दोन-दोन फुटांचे चौकोन रंगवा आणि सकाळी, दुपारी चारला आणि रात्री दिव्यात बघा. कार्डावरचा फिकट बदामी मोठ्या भिंतीवर आंब्याच्या बर्फीसारखा निघू शकतो. ठरलेल्या शेडचा नंबर कपाटाच्या दाराच्या आत लिहून ठेवा, उरलेला रंग झाकण घट्ट करून त्यावर तारीख टाकून ठेवा. दसऱ्याला चिरा बुजवताना तोच लागेल.

आणि नणंदेच्या सासरची मंडळी. ती येतील तेव्हा दाराला तोरण असेल, हॉलमध्ये होमाचा धूर, चाळीस माणसं, मध्ये पानं मांडलेली. भिंत दिसेल कोणाला? दिसलीच तर कोणीतरी विचारेल, "अजून इंटिरियर व्हायचंय वाटतं?" त्यावर "हो, पावसाळा झाल्यावर" एवढं पुरे. सासूबाईंनी उत्तर दिलं तर आणखी बरं. पांढऱ्या रंगाचा हट्ट त्यांनी सोडावा असं वाटत असेल, तर देवघराच्या भिंतीचा रंग त्यांना निवडू द्या. फक्त तिथे निरांजनाची काजळी धरेल, म्हणून तो धुता येणारा असू दे.